लाभ

येरवड्याच्या दगडी इमारतीत, मागच्या खोलीत
मी रोजंदारीवर खापऱ्या धुते.
दात घासायचा जुना ब्रश, पत्र्याचं घमेलं,
आणि पायरीवर उन्हात
कुरडयांसारखे वाळत घातलेले तुकडे.

पेट्यांवर खडूनं लिहिलंय : चौल, खाडीकाठ, खड्डा चार.
निळ्या रेघेचा पांढरा तो चीनचा,
हिरवट, काचेच्या लेपाचा इराणचा,
सहस्रबुद्धे बाई नखानं वाजवून सांगतात.
एकावर माशाची नुसती शेपटी आहे.
बाकीचा मासा अजून खाडीतच असेल.

अण्णा भवानी पेठेत हमाल होते.
लवंगेची गाडी उतरवून आले की
घरात भाजी कसलीही असो, दोन दिवस वास लवंगेचा.
पोत्यावरचं नाव त्यांना वाचता यायचं नाही.
मी वाचायचे : झांजिबार.
"लांब असणार," म्हणायचे,
"वजनावरून कळतं."

गुंदेचांच्या गाळ्यातलं सांगायचे :
दोन दलाल, मध्ये उपरणं,
उपरण्याखाली बोटं बोटांशी बोलतात.
वर चहा, कोणाच्या पोरीचं लग्न,
खाली भाव.
परवा बाईंनी वर्गात विचारलं,
होर्मुझचा घोडेवाला बंदरावर उतरला
तेव्हा सौदा कुठल्या भाषेत झाला असेल?
पोरं म्हणाली अरबी, एक म्हणाला फारसी.
मी दाराबाहेर घमेलं उपसत होते.
मला कोणी विचारलं नाही.

बाईंच्या वहीत दोन रकाने.
आलं : चिनी माती, तांबं, खजूर, हस्तिदंत, घोडे.
(घोड्याचा एक दात मी स्वतः धुतलाय.)
गेलं : कापड, मिरी, तांदूळ.
आलं त्याच्या बत्तीस पेट्या.
गेलं त्याची एकसुद्धा नाही.
"कशी असेल?" बाई म्हणाल्या,
"खाल्लं, नेसलं, संपलं."
मग चष्मा पुसत,
"मिसरच्या वाळूत मात्र मिळतात
आपल्या देशातल्या कापडाच्या चिंध्या.
हवा कोरडी ना तिकडची. लाल रंग अजून लाल आहे."

तेव्हापासून मला एक बाई दिसते.
कुठल्याशा खोलीत, वर पंखा न लावता,
चिमट्यानं आमची चिंधी उचलणारी.
चिंधीला एका कोपऱ्यात रफू आहे.
विणकराचं नव्हे ते, दोरा जाडा आहे;
नेसणारीनं घाईत घातलेले टाके,
पोर रडत असताना घालतात तसले.
ती बाई टाके मोजते.
मला तिला सांगायचंय
की तुमच्या वाटेवरचं काय काय इथं माझ्या घमेल्यात आहे,
पण तिची भाषा मला येत नाही,
आणि उपरणं एवढं लांब कुठून आणू?

अण्णांच्या उजव्या खांद्यावर घट्टा होता,
जुन्या बंद्या रुपयाएवढा.
आंघोळीला मी पाणी घालायचे तेव्हा
तिथून ओघळ वळून जायचा.
तो वैकुंठात जळला.
ज्यांनी बोरघाटातून ओझी वर आणली
त्यांचेही असेच कुठे कुठे जळले, पुरले असतील.
खड्डा चारमध्ये तसलं काही मिळत नाही.
मी बघते, तरी.

काल नवी पेटी फोडली.
काळी शाई, बारीक टाक,
तुकड्याच्या पाठीवर आकडा घालायचा,
म्हणजे कोण कुठल्या थरातला ते हरवत नाही.
पहिलाच हातात आला तो एका बरणीचा बूड,
आत काहीतरी काळं, चिकटून राहिलेलं. ब्रशनं गेलं नाही.
हुंगलं. मातीचाच वास.

इस्माईल मापाडी पहिल्या मापाला
कधी एक म्हणायचा नाही.
तागडी उचलली की आधी लाभ,
मग दोन, मग तीन,
आणि अण्णा पाठ वाकवून उभे.

हात आपोआप गेला.
१ च्या जागी, मुंगीएवढ्या अक्षरांत, लाभ.
फुंकर घालून वाळवला
आणि दुसरा तुकडा घेतला. दोन.

बाईंनी तो अजून उलटून पाहिलेला नाही.