धार

हेल्दुर शनिवारचा सॉनाला यायचा थांबला.
आम्ही म्हटलं, प्रोस्टेट काढलंय, दमला असेल.
नोव्हेंबर सरला. तळं गोठलं.
त्याची बर्चच्या डहाळ्यांची जुडी
खुंटीवर वाळून कडकडीत.

मग मायमूनं सांगितलं, दुकानात, बटाटे निवडताना,
माझ्याकडे न बघता :
आतला पडदा फाटलाय.
लघवी भलत्याच वाटेनं जाते,
आणि तिच्या वाटेनं येते नुसती हवा,
पाणी गेलेल्या नळासारखी फुरफुरत.
रात्री चादरी स्वतः धुतो, मला उठू देत नाही.
आता पोटावर पिशवी लावणारेत,
शिवायचं ते उन्हाळ्यात.
"कुणाला बोलू नकोस," म्हणाली,
म्हणजे, एकटीला पेलत नाही.

मी कुणालाच बोललो नाही.
आम्ही तिघं नागडे बसायचो फळीवर,
चौथ्याच्या जागी पाण्याची बादली.

जूनमध्ये, तार्तूच्या इस्पितळात,
डॉक्टर लेपिक यंत्रापुढे बसली
बूट काढून, लोकरी मोज्यांत,
त्याच्यापासून सहा पावलांवर.
पोटाला पाच भोकं, करंगळीच्या नखाएवढी.
आत वायू भरून तंबू उभारला.
एकमेकींना चिकटलेल्या दोन वाटा
तासन्‌तास सोडवत राहिली,
दोन्हींची तोंडं शिवली,
आणि आतड्यांवर पांघरलेला चरबीचा पदर
खाली ओढून मधे खोवला,
भांडलेल्या भावांच्या मधे
आईनं निजावं तसा.

हे हेल्दुरनंच नंतर सांगितलं, चित्र काढून.
जंगलखात्यातला माणूस,
त्याचं मूत्राशयसुद्धा
ओंडक्यासारखं दिसत होतं.

पिशवीही गेली, आणि पुढच्या हिवाळ्यात तो आला.
टॉवेल खुंटीला अडकवला, जरा हळूच.
पोटावर पाच ठिपके
आणि पिशवीच्या जागी एक मुरडलेली खूण.
कुणी विचारलं नाही.
एंडेलनं दगडांवर पळीभर पाणी टाकलं,
बादली खाली ठेवली.

बऱ्याच वेळानं हेल्दुर उठला,
अनवाणी बर्फात गेला, दार सताड टाकून.
"या रे," हाक आली. "बघा."

तीन म्हातारे, वाफाळते, उंबऱ्यात दाटीनं.
स्प्रूसच्या बुंध्याशी पिवळी धार,
सलग, मान तिरपी करून लक्ष देत सोडलेली,
बर्फाला खोल भोक पाडत.
हवेचा एक बुडबुडा नाही.

किती वेळ चालली, सांगता येणार नाही.
माझे पाय बधिर झाले.

"दार लाव," एंडेल म्हणाला,
"ऊब चाललीय सगळी."