ऐवजी

कागदावर मारेदचं बारीक अक्षर:
अंडी नकोत. लोणी नको. दूध नको.
खाली एक रेघ, आणि रेघेखाली
इदवलने जन्मात न ऐकलेली नावं.

चाळीस वर्षं बस चालवली त्याने
ब्लायनायपासून समुद्रापर्यंत,
पाटीच्या दगडाच्या ढिगाऱ्यांमधून,
एकेक वळण पायाला पाठ.
पण अ‍ॅक्वाफाबा?
असा थांबा त्याच्या रस्त्यावर कधीच नव्हता.

दुकानातली ग्वेनो हसली.
"अरे, चण्याच्या डब्यातलं पाणी ते.
आपण मोरीत ओततो ना, तेच."
इसबगोल मात्र तिच्याकडे नव्हतं.
औषधवाल्याने पाकीट पुढे सरकवलं
आणि आवाज खाली आणून विचारलं,
"किती दिवस झाले?"
"उद्या आहे," इदवल म्हणाला. "वाढदिवस."
दोघंही गप्प.

रात्री त्याने कॉफीच्या यंत्रात जवस दळलं,
तीन चमचे पाण्यात भिजवलं,
घड्याळ समोर ठेवून बसला.
पंधरा मिनिटांनी चमचा उचलला तर
मागोमाग तार आली, चिकट, बुळबुळीत.
"हे अंडं नाही," तो म्हणाला.
मग जरा वेळाने,
"पण धरून ठेवेल."

चण्याचं पाणी फेटता फेटता खांदा भरून आला.
आधी साबणासारखा फेस,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग एकदम पांढरं, घट्ट, टोकं उभी राहिलेलं.
त्याने भांडं स्वतःच्या डोक्यावर उपडं धरलं.
कृतीत तसं लिहिलं होतं.
एक थेंब नाही.

ओटच्या दुधात व्हिनेगर ढवळताना
ती सकाळ आठवली:
सहा वर्षांची मारेद, दारात, बूट उलटे घातलेली.
"तू माझा बाबा नाहीस."
त्याने मान हलवली होती. खरंच होतं ते.
मग तिचं दप्तर उचललं,
कारण बस सुटायला चार मिनिटं होती.

नेरिस असताना केक तीच करायची.
चार अंडी, शेतावरचं लोणी,
कशाच्याही ऐवजी काहीही नसलेला केक.
ती गेली त्याला हा तिसरा हिवाळा.

ऐवजी.
तोंडात जरा कमीपणाचाच वाटतो शब्द,
रांगेत मागे उभा राहिलेला, टोपी हातात घेऊन.
आणि त्याच्याच पोटात निवांत बसलेला असतो
ऐवज,
कुलपात जपून ठेवायचा.

केक मधोमध खचला. बशीएवढा खड्डा.
इदवलने तो जॅमने भरून काढला,
रस्त्याचं काम करणारे भरतात तसा,
वरून चमच्याने थापटून.

मारेदने पहिला घास खूप वेळ चावला.
"आईचा असा नसायचा."
"नसायचा," तो म्हणाला.

तिने बशी परत पुढे केली.
"कडेचा दे.
कडेला नीट भाजलाय."