जो मावतो तो

मॅकूक, नेब्रास्का. गाडी पावणेचारची,
पहाटेच्या.
सव्वापाच होऊन गेलेत.
वेटिंग रूममधल्या हीटरला खोकला लागलाय
आणि मिस्टर श्लेगल ऑपरेशन झालेला गुडघा
मी शिकवला तसा, दहापर्यंत मोजून
वाकवतायत, सरळ करतायत.
मी त्यांची फिजिओथेरपिस्ट. आज ड्रायव्हरसुद्धा.
विमानात ते बसत नाहीत,
आणि अंधारात मोटार चालवणं
डोळ्यांच्या डॉक्टरने बंद केलंय.
डेन्व्हरला धाकटा भाऊ आहे.
त्याच्याकडे फार दिवस नाहीत.

फोनमधली यंत्रबाई गोड आवाजात सांगते, उशीर.
वीस मिनिटांनी सांगते, आणखी उशीर.
कारण विचारायला बटण नाही.

कारण श्लेगलांना तोंडपाठ आहे.
एकतीस वर्षं ब्रेकमन होते ते याच रुळांवर.
"कायद्यात लिहिलंय, माणसांची गाडी आधी.
मग मका, मग कोळसा.
कायदा आपल्या बाजूने आहे," ते हसतात,
"रूळ तेवढा मालगाडीवाल्यांचा."

मग माझ्या कागदी कपावर नखाने
एक लांब रेघ ओढतात,
तिच्या कुशीला एक आखूड.
ही मेन लाइन. हा बाजूचा रूळ.
बाजूचा रूळ टाकला तेव्हा
मालगाड्या मैलभराच्या असायच्या.
आता डब्याला डबा जोडत दोन मैल, अडीच मैल.
बाजूला घ्यायची म्हटली तरी
शेपूट बाहेर राहतं.
"मग बाजूला कोण होणार?
जो मावतो तो."

जो मावतो तो.
मी कप हातात फिरवत बसले.
नऊ वर्षं झाली मला या गावात.
माझं नाव इथे पहिल्याच महिन्यात दोन अक्षरांचं झालं,
मी मावले.
नाताळची ड्युटी, शनिवारची ड्युटी,
कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची शिकार,
"तुला चालेल ना?"
मला चाललं.
माझं शेपूट कुठेच बाहेर राहिलं नाही.

गेल्या वसंतात लिंकनहून दोघे आले होते.
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली,
पडद्यावर आकडे : इतके डॉलर, इतकी डोकी.
इथे रोज किती जण चढतात?
कुणी म्हणालं सहा. कुणी म्हणालं, तेही सुट्टीत.
श्लेगल वॉकर धरून उठले, उठायला वेळ लागला,
सगळे थांबले.
"बाहेरच्या हायवेला कधी विचारलंत का हो,
यंदा फायद्यात आहेस की तोट्यात?"
टाळ्या.
मग कॉफी.
मग काहीच नाही.

खिडकीची तावदानं थरथरायला लागली.
मालगाडी.
श्लेगल ओठ हलवत डबे मोजू लागले, जुनी खोड,
एकशे चाळीसनंतर त्यांनी सोडून दिलं,
गाडीने नाही.
तिच्यात बसलेलं कुणी नव्हतं.
तिला कुणाचा भाऊ भेटायचा नव्हता.
तरी ती घाईत होती.

मग पाच-एक मिनिटं शांतता, पूर्वेला दुधी उजेड,
आणि धान्याच्या कोठारामागून, अपराध्यासारखी,
आपली गाडी.
दुमजली. दारापाशी पत्र्याला ठिगळ.
काचेच्या दोन थरांत अडकलेलं धुकं
बहुतेक माझ्या जन्माच्या आधीचं.
वरच्या मजल्यावर गालाशी हात घेऊन झोपलेली एक मुलगी,
तिला हे गाव कधीच कळणार नाही.

अटेंडंट बाईने पिवळं स्टूल खाली ठेवलं.
"सॉरी बरं का," ती म्हणाली,
जणू तिनेच रात्रभर गाडी धरून ठेवली होती.
"चांगला पाय आधी," मी म्हटलं.
"चढताना चांगला, उतरताना दुखरा, माहितीये."
एक. दोन. गुडघा वाकला.
माझा सगळा हिवाळा त्या गुडघ्यात होता.
हात करायला ते वळले तोवर दार लागलं.

तीन मिनिटं. त्यासाठी अख्खी रात्र.

फलाटावर मी, रिकामा कप,
त्यावर नखाच्या दोन रेघा.
क्लिनिकमधून मेसेज आलेला : शनिवारी येशील?
उत्तर टाकलं नाही अजून.
तेवढ्यात फोन वाजला. यंत्रबाई.
गोड आवाजात म्हणाली,
आपली गाडी मॅकूकला अजून पोहोचलेली नाही.
कृपया वाट पाहा.