निळ्या फरशीचं घर

टूसॉनहून निघताना येसेनियानं कागदावर रेघा मारल्या होत्या:
शाळा, अंतर, घरपट्टी, तळघरात पाणी शिरतं का,
आणि शेवटच्या रकान्याच्या माथ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह.
ते कशाचं, मी विचारलं नाही.
मिलवॉकीत ती आता रात्रभर
परक्या छात्यांतले श्वास मोजते,
दिवसा झोपते,
आणि मी गल्ल्या मोजत हिंडतो.
मागच्या सीटवर सहा वर्षांची मारिसोल
आणि नेस्तोर, ज्याला अजून तिसरं सरायचंय,
ज्याचा लंगोट सुटून आज अकरा दिवस झाले.

पहिली वस्ती इतकी नीटनेटकी
की माझा हात आपोआप रेडिओकडे गेला, आवाज बारीक करायला.
या शाळेला दहापैकी नऊ, दलालीण डार्लीन म्हणाली.
मारिसोल म्हणाली, एक कुठे गेला?
हिरवळ कापलेली. झोके नवे रंगवलेले.
झोक्यावर कोणी नाही,
शनिवार असून, ऊन असून.
शेजार कसा आहे हो इथला?
डार्लीननं घसा खाकरला:
तेवढं सोडून काहीही विचारा,
त्यावर बोलायची आम्हाला कायद्यानं मुभा नाही.

दुसरीकडचं परवडत होतं.
का परवडतं ते मालगाडी आल्यावर कळलं.
एकशे चौदा डबे.
नेस्तोरनं एकूण एक डब्याला हात केला
आणि शेवटचा गेल्यावर म्हणाला, पुन्हा.

तिसऱ्या वस्तीचं मला काहीच आठवत नाही,
कारण तिथे शिरताच मागून आवाज आला:
पपा, आत्ता.
पेट्रोलपंप नाही, बाग नाही, झुडूपसुद्धा कोणाच्या तरी मालकीचं.
डार्लीन पुढच्या गाडीत, फोनवर.
मी पोराला कलिंगडासारखं काखेत मारलं
आणि समोर दिसलं त्या दाराची घंटा वाजवली.
दोन पावलं मागे सरकून उभा राहिलो,
मोकळा हात दिसेल असा धरून.
ही सवय मला कोणी शिकवली
ते मुलांना कधी सांगायचं, अजून ठरलेलं नाही.

दार उघडलं.
एका पायात चप्पल, हातात झाडं छाटायची कात्री,
ऐंशीच्या पुढची बाई.
तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही,
नेस्तोरच्या आवळलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.
डावीकडे, दुसरं दार.
कडी लावू देऊ नका, ती अडकते.

निळी फरशी. दोन ठिकाणी तडकलेली.
बेसिनखाली एक बुटका लाकडी पाट,
मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेला.
नेस्तोर त्यावर चढला, जणू त्याचाच होता.
धाकटा एकावन्नचा आहे आता माझा,
बाहेरून मिसेस व्रोब्लेव्स्की म्हणाल्या,
पाट काढायचा राहूनच जातो.

सकाळी येसेनिया आली, बूट न काढताच बसली.
मी सगळं सांगितलं, फरशीसकट.
तिनं एवढंच विचारलं: दार किती उघडलं?
पूर्ण, मी म्हटलं.
पेन्सिल तिच्या हातात होती,
पण लिहिलं काहीच नाही.
कागद उलटा करून त्यावर कॉफीचा कप ठेवला.

त्या गल्लीत एकही घर विकाऊ नव्हतं.
आम्ही दोन रस्ते सोडून घेतलं:
शाळेला सहा, तळघराला ओलीचा वास,
मालगाडी येते, पण वारा तसा असेल तरच.
मारिसोल हल्ली मार्क विचारत नाही,
तिला एक मैत्रीण मिळालीय, जिला शिट्टी वाजवता येते.

नेस्तोर मात्र शाळेतून येताना
त्या वळणावर रोज म्हणतो,
पपा, आत्ता.
खोटं असतं.
मी गाडी हळू करतो.