चार बोटं

बावतीस मला भिंतीला उभी करतो, अनवाणी.
पायांमध्ये उधारीची जाड वही, कणा वर.
"दाब गो, घट. लाजा नको."
चुन्यावर पेन्सिलीची रेघ.
सत्तर सेंटिमीटर, आणि वर थोडं.
ते थोडं तो दोनदा मोजतो.

आजवर दादाची सतराची फ्रेम चालवली.
थांबायचं तर आधी दगड शोधायचा,
दगड नसला तर
पडायचं.
हँडल इतकं लांब की मोचेमाडच्या घाटीत
मानेत कळ यायची,
आणि मला वाटायचं, घाटीच तशी आहे.

ही पंधराची. रंग उडालेला,
मागच्या चाकात कुणाच्या तरी शेतातली माती.
दांडीवर पाय टाकून उभी राहते,
मध्ये चार बोटं हवा.
"सड्यार घसारलंस, तर हीच चार बोटां वाचयतली."
सीट वर. सीट खाली. पुन्हा केसभर वर.
जुना स्टेम काढून आखूड बसवतो,
पाना दातात धरून मला चालवून बघतो
वखारीपासून बंदरापर्यंत.

मग सडा.
जांभ्याच्या खाचा, करवंदीच्या जाळ्या,
डावीकडे खाली समुद्र, तिकडे बघायलाही
वेळ मिळाला.
हात आपले आपण पोचले होते.

संध्याकाळी घरी,
माडाला टेकलेली दादाची सायकल.
तो बोटीवरून सुटेल मे महिन्यात.
सीट सगळ्यात खाली, गंजून तिथेच धरलेली.
खोबरेल सोडलं, हातोडीने ठोकली,
आणि वर केली,
त्याच्या कमरेच्या अंदाजाने.