नमुना क्रमांक दोनशे बारा

विदुला,
पार्सल पुन्हा विमानतळावर अडलंय.
कस्टम्सवाले विचारतात, नदीच्या पाण्याची किंमत काय?
मी रकान्यात शून्य लिहिलं होतं.
शून्य चालत नाही म्हणे.
तू म्हणालीस, एक डॉलर लिही.
लिहिला.
काळ्या घोड्याच्या पुलाखालची
अर्धा लिटर विश्वामित्री, एक डॉलर.
छगन माछीला सांगितलं तर हसला,
"बेन, मग आख्खी केवढ्याला जाईल?"

तो बाटली घेऊन वाकतो
तेव्हा मी काठावरून पाण्यावर नजर ठेवते.
तुझ्या फॉर्मात मगरीला रकाना नाही.
'क्षेत्रातील जोखीम' आहे,
तिथे मी दर वेळी 'आहे' एवढंच लिहिते.

तुझे सकाळचे साडेनऊ, माझे रात्रीचे नऊ.
सास्काटूनला घड्याळं पुढेमागे करत नाहीत,
तेवढं एक बरं.
तुझ्यामागच्या खिडकीत गोठलेली नदी,
माझ्यामागे कुकर, आणि फतेगंजच्या कुठल्यातरी वरातीचा बँड.
तू म्हणतेस, म्यूट कर.
मग दोन मिनिटांनी स्वतःच म्हणतेस,
राहू दे गं, ऐकू दे.

परवा तू तो आलेख दाखवलास.
मेमधलं ते उंच शिखर,
औषधांना न जुमानणारे जंतू एकदम तिप्पट,
आणि परिषदेतला सगळा हॉल कसा गप्प झाला ते.
तुझा चेहरा अगदी तसाच झाला होता
जसा एमेस्सीला, आपल्या पहिल्या बशीत
पहिली वसाहत उगवली तेव्हा.

मी काही बोलले नाही.
आता बोलते.

मेमध्ये वीज गेली होती. अकरा तास.
उणे ऐंशीचा फ्रीजर घामाघूम,
जनरेटरचं डिझेल कोणाच्या सहीवाचून अडलेलं.
मी आणि छगन, रिक्षा करून,
मांडवीजवळच्या कुल्फीवाल्याकडे गेलो.
त्याने दोन पेट्या रिकाम्या करून दिल्या,
वर जाडं मीठ घातलं, पैसे घेतले नाहीत.
एकशे एक्केचाळीस ते एकशे साठ,
वीस बाटल्या, पिस्त्याच्या वासात.
सकाळी त्यात बर्फ कमी होता, पाणी जास्त.

तुझं शिखर तिथलं असेल.
नसेलही.
पण मला ठाऊक होतं आणि तुला नव्हतं.

का सांगितलं नाही?
तुझ्या तिकडच्या लोकांनी
मान हलवून 'हो, तिथे असं होतंच' म्हणू नये म्हणून.
तू माझी बाजू घेऊ नयेस म्हणून.
फॉर्म तेव्हा मीही भरला होता, विदुला.
पाकीट चिकटवलेलं होतं.
का टाकलं नाही पेटीत,
हे आता मलाच नीट आठवत नाही.

त्या वीस ओळी वगळ.
छगन परवा पुन्हा उतरला,
त्याच खांबाजवळ, गुडघाभर.
दोनशे बारा नंबरच्या बाटलीला
त्याने स्वतः लेबल लावलंय, वाकडं.
निबंधात त्याचं नाव आभारात नको, वर हवं.
आपल्या दोघींच्या मध्ये चालेल.
'संस्था' विचारतील.
माहीत नाही. तू ठरव, तिकडे तुझं ऐकतात.

नऊ वाजायला आलेत.
रागाव,
पण आधी कॅमेरा चालू कर.