रकाना सात

वजन चार किलो शंभर, वय चार महिने सतरा दिवस.
नाव ठेवलंय, रुद्र. पण मनगटाच्या पट्टीवर
अजून ‘मालन दाभाडेचं बाळ’.

डॉक्टर हावेरीकडचे. त्यांनी आधी स्वतःच विचारून पाहिलं :
‘हालु कुडिसीरेनु?’
ती म्हणाली, ‘हाल? हाल तर हाईतच की ओ.’
तेव्हा मला बोलावणं आलं.

किती वेळा पाजतेस?
‘आठ कट्टं वळून झालं की एकदा.’
कट्ट्यात पंचवीस. निपाणीत वाढलेय, आईच्या सुपाशेजारी,
हा हिशेब मला दुधाआधी आला :
आठ कट्टे, हात बसलेला असला तर दोन तास,
पानं वाळकी निघाली तर तीन.
लिहिलं, दर दोन-तीन तासांनी.
आणि रात्री?
‘रात्री कोन मोजतंय, बाई.’

हात धुतेस ना आधी?
तिनं बोटं नाकाशी नेली, मग पदराखाली सारली.
‘धुते. वास जाईत न्हाई.
दुधात उतरत आसंल काय ओ, तमाकू?’
याला फॉर्मात जागा नाही.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

वरचं काही?
दाराशी उभी सासू मोठ्यानं, ‘काय बी न्हाई!’
गुटी?
‘गुटी काय वरचं हाय व्हय?
येखंडाचं दोन येढं, जायफळाचा एक.’

नऊ वर्षांत एवढंच शिकले :
‘दिलंस का’ विचारू नये,
‘काल उजाडल्यापासून सांग’ म्हणावं
आणि पेन खाली ठेवावं.

सासू चहाला गेली.
‘काल माल घालाया गेलते कारखान्यात.
छाट लई काढली, पुन्यांदा बसवलं.
घरी यायला तीन वाजलं.’
तोवर?
पंखा फिरत होता. शेजारच्या खाटेवरचं पोर खोकलं.
‘कस्तुरव्वानं घेतलं.
तिचं नऊ म्हैन्याचं हाय.
आत्तींस्नी सांगू नगा.’

रकाना सात : आईचं / वरचं / दोन्ही.
तिन्ही चौकटी पाहिल्या.
‘दोन्ही’वर टेकलेलं पेन उचललं,
एक निळा ठिपका तेवढा राहिला.

संध्याकाळी दाराशी एक बाई,
हातात पितळी डबा, चोळी पुढून ओली,
आत यावं की नको अशी.
माझं कानडी दवाखान्यापुरतं.
स्टूल पुढे केलं, कागद उलटला,
मागच्या कोऱ्या बाजूला तिचं नाव घातलं.
तुला काही आजार? गोळ्या चालू? मिश्री लावतेस?
नाही, नाही, हसून थोडी.
किती वेळा पाजतेस याला?
तिला प्रश्नच कळेना. मी पुन्हा विचारला.

‘अत्र,’ ती म्हणाली.
रडलं की.

तेच लिहिलं.